जुपणी आणि जोड

पोळ्याच्या दिवशी पांढुर्णा आणि सौंसरच्या गावांतून बैल सजून निघतात, तेव्हा पाहणाऱ्याचे लक्ष झुलीकडे, रंगविलेल्या शिंगांकडे आणि जनावरांच्या बळाकडे जाते. जुपणीकडे कोणी पाहत नाही. परंतु ज्याने आयुष्यभर गाडी हाकली आहे, तो शेतकरी चढणीस लागण्यापूर्वी जुपणीवरून एकदा हात फिरवितो. बैलांचे बळ गाडीपर्यंत पोचावयाचे ते जुपणीच्या द्वारेच, हे त्यास अनुभवाने ठाऊक असते.

विजेवर चालणाऱ्या यंत्रांत जुपणीचे हे काम बॅटरी आणि मोटार यांच्यामधील जोड करतो. बाजारात त्यास कनेक्टर म्हणतात. किंमत काही रुपयांची, आकार अंगठ्याच्या पेराएवढा. म्हणून यंत्र घेणारा मोटारीची चौकशी करतो, बॅटरीची करतो, पण जोडाची करीत नाही.

रेडिओच्या लहरींनी दुरून चालविण्याचे वाहन म्हटले की मुलांची खेळण्यातली मोटार डोळ्यांपुढे येते. तिला जोड कसलाही चालतो, कारण तिचा वीजप्रवाह थोडा असतो. परंतु याच जातीचे थोरले यंत्र, म्हणजे फवारणीचा ड्रोन, आता शेतीत आले आहे. केंद्र सरकारने २०२३ साली ‘नमो ड्रोन दीदी’ ही योजना मंजूर केली. पंधरा हजार महिला बचतगटांना असे ड्रोन देणे हा तिचा हेतू होता आणि किमतीच्या ८० टक्के, मात्र ८ लाख रुपयांपर्यंत, साहाय्य तीत ठेविले होते. त्याच २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा होऊन स्वतंत्र जिल्हा झालेला पांढुर्णा हा संत्र्याचा आणि कपाशीचा मुलूख आहे. अशा मुलखात फवारणीचे यंत्र ज्यांच्या हाती येईल, त्यांनी जोडाची पारख शिकणे अगत्याचे आहे.

ही पारख उष्णतेपासून सुरू होते. विहिरीवरच्या पंपाच्या स्टार्टरमधील एखादा स्क्रू सैल राहिला की ती जागा काळी पडते, हे शेतकऱ्याने पाहिलेले आहे. सैल जागी विजेला अडथळा होतो आणि अडथळ्यातून उष्णता निर्माण होते. प्रवाह दुप्पट झाला, तर ही उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. सारे गणित या एका नियमात आहे.

समजा, दहा लिटर औषध वाहणाऱ्या ड्रोनला हवेत तरंगण्यास चार हजार वॅट शक्ती लागते. लिथियम बॅटरीच्या एका सेलचा दाब सरासरी ३.७ व्होल्ट असतो. सहा सेल असतील तर दाब २२.२ व्होल्ट, आणि प्रवाह सुमारे १८० अँपिअर होईल. बारा सेल जोडले, तर दाब ४४.४ व्होल्ट होऊन प्रवाह ९० अँपिअरवर येईल. आता जोडाचा रोध अर्धा मिलिओहम धरला, तर पहिल्या प्रकारात जोडामध्ये सुमारे १६ वॅट उष्णता निर्माण होते आणि दुसऱ्यात अवघी ४ वॅट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची डाग देण्याची लहान इस्त्री २५ वॅटची असते, हे ध्यानी घेतले म्हणजे बोटाएवढ्या जोडात १६ वॅट म्हणजे काय, याची कल्पना येईल. मोठ्या ड्रोनला अधिक सेलांची बॅटरी देतात, त्याचे एक मोठे कारण हेच होय. परंतु बारा सेलांचा चांगला जोडही झिजून त्याचा रोध दोन मिलिओहम झाला, तर तेथेही तेच १६ वॅट पुन्हा निर्माण होतात. म्हणून निवड जितकी महत्त्वाची, तितकीच पुढची निगाही.

जोडाच्या नावातील आकड्याने फसू नये. एक्सटी-६० हा पिवळा जोड सर्वत्र मिळतो. त्याच्या पिना साडेतीन मिलिमीटर जाडीच्या असतात. नावातला ६० हा आकडा क्षणभर पेलावयाच्या प्रवाहाचा आहे. सतत वाहण्यासाठी त्याच्या निम्माच, म्हणजे ३० अँपिअर, धरावा. एक्सटी-९० च्या पिना साडेचार मिलिमीटरच्या; तेथेही सतत प्रवाह ४५ अँपिअरच्या आसपास धरणे शहाणपणाचे. शर्यतीच्या मोटारीला पूर्ण जोर क्षणभर लागतो, मग ती वळणावर मंद होते आणि जोड निवतो. ड्रोनला तशी उसंत नाही. तो हवेत आहे तोवर मोटारी अखंड ओढत असतात. म्हणून वरच्या उदाहरणातील ९० अँपिअरसाठी एक्सटी-९० अपुरा ठरतो. तेथे याहून जाड पिनांचा, तेवढा प्रवाह सतत पेलणारा जोडच हवा. त्यातही वैशाखात विदर्भाच्या सीमेवरची हवाच ४५ अंशांपर्यंत तापते. जोडाची कामगिरी अशा उन्हात पुस्तकी आकड्याहून कमीच धरावी.

दुसरी गोष्ट ठिणगीची. बॅटरी जोडताना चटकन ठिणगी उडते. मोटारी चालविणाऱ्या मंडलातील रिकामे धारित्र एकदम भरू लागल्यामुळे ती पडते. दर वेळी पिनेवरचा मुलामा थोडा जळतो, खड्डा पडतो आणि रोध वाढतो. ठिणगीरोधक जोडात एक लहान रोधक बसविलेला असतो. पिना पूर्ण आत जाण्यापूर्वी प्रवाह त्यातून मंदपणे जातो आणि ठिणगी टळते. दिवसातून अनेकदा बॅटरी बदलणाऱ्या यंत्रास असाच जोड घ्यावा, आणि तो अर्धवट न ठेवता शेवटपर्यंत दाबावा.

तिसरी गोष्ट स्वच्छतेची. मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण धातूच्या भांड्याचे काय करते, हे संत्र्याच्या बागाइतदारास सांगावयास नको. फवारणीचे शिंतोडे आणि धूळ जोडाच्या पिनांवर बसू देऊ नयेत. बॅटरी काढताच टोपण लावावे आणि काम संपल्यावर कोरड्या फडक्याने पिना पुसाव्यात. पुसण्यासाठी धातूची वस्तू मात्र कधीही वापरू नये. बारा सेलांच्या भरलेल्या बॅटरीचा दाब ५० व्होल्टपर्यंत असतो आणि तिची दोन टोके चुकून जुळली, तर भडका उडतो.

याच कारणास्तव उघड्या पिनांचा भाग यंत्राच्या बाजूस आणि झाकलेल्या छिद्रांचा भाग बॅटरीच्या बाजूस असावा. जोड बदलताना बॅटरीच्या दोन्ही तारा एकदम कापू नयेत. एक कापावी, तिला डाग द्यावा, नळी चढवून झाकावी आणि मगच दुसरीला हात लावावा. हे काम माहितगार कारागिरानेच करावे. कथील तारेत पूर्ण मुरलेले हवे. वरवर चिकटलेला डाग दिसावयास ठीक दिसतो, पण तोच पुढे तापतो. शिवाय एका गटाच्या साऱ्या बॅटऱ्या आणि चार्जर यांस एकाच जातीचा जोड असावा. मध्ये बदलाचे तुकडे लाविले की प्रत्येक तुकडा म्हणजे तापण्याची एक नवी जागा.

या साऱ्या सावधगिरीचे कारण सरळ आहे. पंपाचा जोड जळला, तर पंप बंद पडतो आणि पाणी थांबते. ड्रोनचा जोड हवेत जळला, तर वीस-पंचवीस किलोचे यंत्र खाली येते. खाली संत्र्याची झाडे असतात आणि कधी निंदण करणाऱ्या बाया असतात. गटाने कर्ज काढून घेतलेली वस्तू मोडते, ती हानी मोठीच. पण माणसाच्या जिवापुढे तिची गणना नाही.

म्हणून यंत्र उतरले की दर वेळी जोडाच्या आवरणास हात लावून पाहावा. कोमट लागला तर सर्व ठीक आहे. हात ठेववत नसेल, अथवा आवरण पिवळ्याचे तपकिरी झाले असेल, तर त्या दिवशी पुन्हा उड्डाण करू नये. जुपणीवरून हात फिरविणाऱ्या गाडीवानाची जुनी सवय या नव्या यंत्रासही लागू आहे.