जकार्ताची इस्तिकलाल मशीद

इंडोनेशियाची राष्ट्रीय मशीद एका ख्रिस्ती वास्तुकाराने रचली आहे! जकार्तातल्या या इस्तिकलाल मशिदीसाठी १९५५ साली आराखड्यांची स्पर्धा झाली आणि ती फ्रेडरिक सिलाबान यांनी जिंकली. पायाभरणी १९६१ची, पण राजकीय उलथापालथीत काम रखडले आणि उद्घाटनाला १९७८ उजाडले. तोवर हा प्रकल्प उचलून धरणारे देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सुकार्नो हयात नव्हते.

देश स्वतंत्र झाला १९४५ मध्ये, म्हणून घुमटाचा व्यास ४५ मीटर. बारा भक्कम खांबांनी तो पेललेला आहे. नक्षीकाम बेताचेच. बाजूंना मात्र धातूच्या जाळ्या, त्यांतून वारा खेळता राहतो. जकार्ताच्या दमट उकाड्यात मला तरी हीच खरी करामत वाटते. समोरच कॅथेड्रल आहे, आणि आता दोन्ही वास्तू भुयारी मार्गाने जोडल्या आहेत.