कर्णधार : आपला की बाहेरचा?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून क्रिकेटवर बोलावे, हे काहींना पोरकट वाटेल. परंतु आपल्या कोणत्याही पंगतीत श्रीखंड वाढून होण्यापूर्वीच संघाचा कर्णधार कोण असावा यावर दोन तट पडलेले असतात, हे आपण सारेच जाणतो. इंग्लंडात फुटबॉल संघाचा व्यवस्थापक बदलला की शहरेच्या शहरे वाद घालतात. आपल्याकडे तो मान कर्णधाराच्या नेमणुकीला आहे. या वादात एक शब्द हमखास येतो, तो म्हणजे ‘बाहेरचा’. जयपुरात राहणाऱ्या मराठी माणसाने या शब्दाचा थोडा अधिक विचार करावा, असे मला वाटते.

राजस्थानच्या क्रिकेटची जुनी कहाणी ज्येष्ठांना ठाऊक आहेच. १९६०-६१ ते १९७३-७४ या काळात हा संघ आठ वेळा रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि आठही वेळा पराभूत झाला. त्यांपैकी सात वेळा मुंबईकडून. सलीम दुराणी आणि हनुमंत सिंग यांच्यासारख्या खेळाडूंनी गाजवलेला तो काळ होता. विनू मंकड आणि विजय मांजरेकर हे दोघेही मुंबईकडून खेळलेले. पण ते राजस्थानकडूनही खेळले. म्हणजे बाहेरून आलेल्या माणसाला आपल्या संघात स्थान देण्याची रीत या भूमीला नवी नाही.

पुढे या संघाला उतरती कळा लागली. २०१०-११ च्या हंगामात तो प्लेट गटात, म्हणजे दुय्यम श्रेणीत खेळत होता. अशा संघाचे नेतृत्व पुण्याच्या हृषीकेश कानिटकर यांच्याकडे होते. जानेवारी १९९८ मध्ये ढाक्याला सकलेन मुश्ताकला चौकार मारून भारताला पाकिस्तानविरुद्ध विजय मिळवून देणारे ते हेच कानिटकर. त्यांचे वडील हेमंत कानिटकर हेही कसोटीपटू. कारकिर्दीचा मोठा भाग महाराष्ट्राकडून खेळल्यानंतर, वयाच्या छत्तिशीत, ते राजस्थानच्या संघाचे पुढारी झाले होते.

अशा नेमणुकीवर स्थानिक रसिकांचा एक आक्षेप असतो आणि तो क्षुल्लक नव्हे. बाहेरचा एक खेळाडू आला की स्थानिक मुलाची एक जागा जाते. कोटा, उदयपूर, जोधपूर येथे उन्हात घाम गाळणाऱ्या मुलाने मग कोणाकडे पाहावे? या प्रश्नाला भाषणाने उत्तर देता येत नाही. मैदानावरच द्यावे लागते.

ते मैदानावरच दिले गेले. त्या हंगामात जयपुरातच दीपक चहर या पदार्पण करणाऱ्या तरुणाने दहा धावांत आठ बळी घेतले आणि हैदराबादचा संघ अवघ्या २१ धावांत गारद झाला. उपांत्यपूर्व फेरीत राजस्थानने मुंबईलाही मागे टाकले आणि जानेवारी २०११ मध्ये बडोद्याला, बडोद्याच्याच संघावर पहिल्या डावातील आघाडी घेऊन रणजी करंडक प्रथमच जिंकला. प्लेट गटातून येऊन करंडक जिंकणारा हा पहिला संघ. पुढच्याच वर्षी चेन्नईच्या अंतिम सामन्यात विनीत सक्सेना यांनी २५७ धावांची चिवट खेळी केली आणि कानिटकरांच्याच नेतृत्वाखाली करंडक राजस्थानकडे राहिला. कर्णधार बाहेरचा होता. पण त्याच्या छायेत येथील मुले खुरटली नाहीत, ती वाढली. गंमत अशी की, ज्या महाराष्ट्राने १९४०-४१ नंतर हा करंडक जिंकलेला नाही, त्या महाराष्ट्राच्या सुपुत्राने तो राजस्थानला लागोपाठ दोनदा मिळवून दिला!

या यशाचा आपणा सर्वांना अभिमान वाटला. ‘गाव पाहू नका, कर्तृत्व पाहा,’ असे आपण येथील मित्रांना ठासून सांगू लागलो. मात्र हे वाक्य आपल्यालाही लागू पडते का, याची परीक्षा काही वर्षांनी झाली.

मार्च २०१८ मध्ये चेंडू कुरतडण्याच्या प्रकरणामुळे स्टीव्ह स्मिथ राजस्थान रॉयल्सच्या कर्णधारपदावरून दूर झाले आणि डोंबिवलीत वाढलेले अजिंक्य रहाणे यांची नेमणूक झाली. त्या वर्षी संघ बाद फेरीपर्यंत गेला. २०१९ मध्ये मात्र पहिल्या आठ सामन्यांपैकी दोनच जिंकता आले. २० एप्रिलला, जयपुरातील मुंबईविरुद्धच्या सामन्याच्या दिवशीच, रहाणे यांना दूर करून स्मिथ यांना पुन्हा नेमण्यात आले. त्या वेळी आपल्यापैकी अनेकांच्या तोंडी ‘आपल्या माणसावर अन्याय’ हीच भाषा होती. आठांपैकी सहा पराभवांचा हिशेब कोणी मांडला नाही. परक्याला कर्तृत्वाचा काटा आणि आपल्याला नात्याचा, अशी दोन मापे बाळगणाऱ्या दुकानदाराला आपण काय म्हणतो?

खुद्द रहाणे कसे वागले, ते पाहण्यासारखे आहे. पदच्युतीनंतर दोनच दिवसांनी, सवाई मानसिंह मैदानावर, त्याच स्मिथ यांच्या नेतृत्वाखाली दिल्लीविरुद्ध त्यांनी नाबाद १०५ धावा केल्या. संघ तो सामना हरला, पण अपमान गिळून संघासाठी खेळणे म्हणजे काय, हे जयपूरने पाहिले. पुढे ॲडलेडला भारताचा डाव ३६ धावांत कोसळल्यावर याच शांत माणसाने मेलबर्नला शतक ठोकले आणि जानेवारी २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात मालिका जिंकून दिली. जयपुरातील तो निर्णय चूक होता, असे यावरून सिद्ध होत नाही. एका जागी न जमलेला माणूस दुसऱ्या जागी उत्तम ठरू शकतो, एवढेच दिसते.

ऑस्ट्रेलियाहून आलेल्या शेन वॉर्न यांनी २००८ मध्ये कर्णधार आणि प्रशिक्षक या दोन्ही नात्यांनी राजस्थान रॉयल्सला विजेतेपद मिळवून दिले, तेव्हा त्यांना बाहेरचे कोण म्हणाले? विजयानंतर कोणी परका राहत नाही आणि पराभवानंतर कोणी आपला राहत नाही, ही प्रेक्षकांची जुनी खोड आहे. म्हणून नव्या कर्णधाराविषयी मत देताना तीनच गोष्टी विचाराव्यात. त्याच्या हाती काय सोपवले होते? त्याला किती अवधी दिला? आणि जाताना त्याने मागे कोणाला तयार करून ठेवले?

मित्रहो, आपणही या शहरात कधी ना कधी बाहेरून आलो. कोणी नोकरीसाठी, कोणी बदलीवर, कोणी लग्न होऊन. या शहराने आपले गाव न विचारता आपले काम पाहिले, म्हणून आपण येथे रुजलो. हाच न्याय आपण मंडळात लावावा. काल-परवा आलेल्या कुटुंबातील तरुणाने किंवा तरुणीने गणेशोत्सवाची जबाबदारी मागितली, तर ‘अजून नवा आहे’ म्हणून त्यांना थोपवू नये. आणि जुन्या जाणत्यांनी पद सोडल्यावर रहाणे यांच्याप्रमाणे पुन्हा खेळायला उतरावे. मंडळाचा शतकमहोत्सव असाच साजरा होईल.