सीमेवर लढाई, गावात मतदान

आम्ही कळंबच्या बायका बोलतोय, तालुका इंदापूर.

1999 चा उन्हाळा आठवतोय ना? 17 एप्रिलला दिल्लीतलं वाजपेयी सरकार एका मतानं पडलं. बाजूनं 269, विरोधात 270. मुदतीआधी निवडणूक लागणार हे ठरलं, तोच मे महिन्यात कारगिलची लढाई पेटली. ती चालू असतानाच, 10 जूनला, आपल्या बारामतीच्या शरद पवारांनी राष्ट्रवादी पक्ष काढला. 26 जुलैला लढाई संपली. आपली विधानसभाही मुदतीआधीच बरखास्त झाली होती. सप्टेंबरात दोन्हींचं मतदान एकदमच झालं.

ज्या घरातला पोरगा सीमेवर, तिथं बातम्या लागल्या की भाकरी तव्यावर करपायची. अशा वेळी सरकारला काही विचारणं बरं दिसत नाही, असं आपल्याला वाटतं. पण पोरांच्या शौर्याचा अभिमान वेगळा आणि कारभाराचा हिशेब वेगळा. पाणी, रेशन, दवाखाना यांचा हिशेब लढाईतही मागायचाच.

आणि जवानाचं मत? तेव्हा ते टपालानं यायचं. 2003 च्या कायद्यानं त्याला गावातलं माणूस आपल्या वतीनं मत द्यायला नेमता येतं, बायकोसुद्धा. त्या मताची शाई डाव्या हाताच्या मधल्या बोटाला लावतात. शेजारच्या बोटाला तिच्या स्वतःच्या मताची.

मैत्रिणींनो, त्याचं मत त्याला विचारून द्या. आपलं मात्र आपल्या मनानं. एका मतानं सरकार पडतं, हे आपण पाहिलंय.