कर्ज नाकारणाऱ्या यंत्राचा जबाब



ह्या व्यासपीठावर विद्वान मंडळी बोलून गेली. आम्ही सातवीनंतर शाळा सोडली. पुढचे जे शिकलो ते मोंढ्यात, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि मागून आणलेल्या पुस्तकांतून. संगणकावर आम्ही बोलावे हे धाडसच. पण हा विषय आम्ही शोधायला गेलो नाही, तो आमच्या कचेरीत चालत आला.

२०१८ साली लातूरच्या बाजारात पोती वाहणारा आमचा एक सभासद दोन खोल्यांसाठी गृहकर्ज मागायला गेला. वीस वर्षे एकाच टोळीत काम, एकाच गल्लीत बिऱ्हाड. अर्ज नामंजूर झाला. आम्ही त्याच्याबरोबर गेलो. तेथला तरुण अधिकारी सभ्य होता. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाला, "काका, सिस्टीमनं नाही म्हटलंय. का, ते मलाही दिसत नाही." सभासद आमच्या तोंडाकडे पाहू लागला. मालकाने कामावरून काढले तर आधी आरोपपत्र मागायचे, हे आम्हीच त्याला शिकवले होते. येथे ते कोणाकडे मागावे?

मग आम्ही चौकशीला लागलो. यंत्रात भूत नसते. जुन्या हजारो कर्जांच्या नोंदी त्याला दिलेल्या असतात: उत्पन्न, नोकरीचा प्रकार, घराच्या किमतीशी कर्जाचे प्रमाण, मागचे हप्ते वेळेवर की उशिरा, आणि शेवटी कर्ज फिटले की थकले. त्यावरून नवा अर्जदार थकेल काय, ह्याचा अंदाज ते शेकडेवारीत सांगते. सावकारही असा अंदाज करीतच असे, पण चार-दोन खुणांवरून. यंत्र शेकडो लहान लहान प्रश्न एकावर एक रचते. त्यामुळे अंदाज पुष्कळदा अधिक नेमका येतो, पण कोणत्या प्रश्नाने माणूस बुडाला हे ते यंत्र बनवणाऱ्यालाही एका नजरेत सांगता येत नाही.

ते शोधण्याची एक रीत आहे, आणि ती हमालाला लगेच कळेल अशी आहे. लॉईड शॅप्ली ह्या अमेरिकन गणितज्ञाने १९५३ मध्ये प्रश्न घातला: मिळून केलेल्या कमाईत प्रत्येकाचा न्याय्य वाटा किती? समजा, एक गडी एकटा ३०० रुपये मिळवतो, दुसरा एकटा ४००, आणि दोघे मिळून १०००. पहिला आधी आला असे धरले तर त्याचे ३०० आणि दुसऱ्याने घातलेली भर ७००. दुसरा आधी आला तर त्याचे ४०० आणि पहिल्याची भर ६००. दोन्हींची सरासरी काढा: पहिल्याला ४५०, दुसऱ्याला ५५०. आमच्या एखाद्या मुकादमाने इतक्या सचोटीने वाटणी केली असती तर निम्मी भांडणे मिटली असती!

२०१७ मध्ये लुंडबर्ग आणि ली ह्या संशोधकांनी हीच वाटणी यंत्राच्या अंदाजाला लावली. गड्यांच्या जागी अर्जातले रकाने. समजावण्यापुरते आकडे घेऊ. सर्वसाधारण अर्जदाराचा धोका शेकडा ५, आमच्या सभासदाचा १७. मधल्या १२ चा हिशेब असा: चुकलेल्या हप्त्यांमुळे ६ वाढले, खात्यातल्या अनियमित जमेमुळे ५, कर्ज मोठे म्हणून ३, आणि एका जागी राहिल्याबद्दल २ कमी झाले.

हा जबाब खोटा नव्हे. पण यंत्राने काय केले एवढेच तो सांगतो, माणसाचे काय झाले ते सांगत नाही. २०१६ साली ह्याच लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पाऊस गेला की बाजारातली आवक जाते, आवक गेली की हमालाची मजुरी जाते, आणि मोटारसायकलचा हप्ता चुकतो. नोंदीत 'हप्ता चुकला' एवढे राहते. दुष्काळ असा रकानाच नसेल तर त्याच्या नावे वाटा निघेल कोठून? अनियमित जमेचेही तेच. नांदेडला उस्मानशाही गिरणी चालू होती तेव्हा कामगाराच्या हातात पगाराचा कागद असे. गिरणी बंद झाली, माणसे मिळेल त्या कामाला लागली; मेहनत तीच राहिली, कागद गेला.

कोणाला नाही म्हणूच नये, असे आमचे म्हणणे नाही. पैसा ठेवीदारांचा आहे, आणि त्यांत आपणही आहोत. पण ज्या कारणाला उत्तर देता येत नाही ते कारण नव्हे, असे आम्ही मानतो. नकाराची मुख्य कारणे अर्जदाराला लेखी कळवावीत, असे रिझर्व्ह बँकेने २००७ मध्येच बँकांना सांगितले आहे. आम्ही कारण लेखी मागितले. उत्तर आले एका ओळीचे: अंतर्गत धोरणास अनुसरून. हे कारण झाले काय?

शेवटी आम्ही त्याचा पतअहवाल काढला. त्यात दुष्काळाच्या वर्षातले दोन उशिराचे हप्ते सापडले. टोळीच्या वहीतून त्याची तीन वर्षांची मजुरी उतरवून काढली आणि दोन्ही कागद घेऊन एका पतसंस्थेच्या संचालकांसमोर बसलो. त्यांनी प्रश्न विचारले, त्याने उत्तरे दिली. कर्ज मिळाले, पण थोडे, आणि व्याज जास्त. दोन खोल्यांची एकच झाली.

आपणांपैकी ज्यांच्याकडे अशी नकाराची पत्रे असतील त्यांनी ती फाडू नयेत. पतअहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. तो आणि मुकादमाची वही, दोन्ही घेऊन रविवारी सकाळी कचेरीत यावे. आम्ही दहापासून बसलेले असतो.