घरची शाळा आणि कायदा



आजचा विषय आम्ही शोधायला गेलो नाही. तो आमच्या दारी चालून आला. एकाच उन्हाळ्यात दोन घरच्या माणसांनी आम्हांला एकच प्रश्न विचारला : "मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवले, तर कायदा आड येतो काय?" पहिले होते वाशीम शहरातले एक पदवीधर जोडपे. त्यांचा मुलगा हुशार, पण वर्गाच्या गोंगाटात कोमेजून जाणारा. दुसरे होते मानोरा तालुक्यातले एक शेतकरी. त्यांची अकरा वर्षांची मुलगी शाळेत जात नव्हती. "आम्ही तिला घरीच शिकवतो," असे ते म्हणाले. आम्ही वही पाहायला मागितली. वहीतली शेवटची तारीख सोयाबीनच्या सोंगणीच्या आधीची होती! प्रश्न एकच, पण एका घरी मूल शिकत होते आणि दुसऱ्या घरी ते नुसते राहत होते. आजचे आमचे सारे म्हणणे या एका भेदाविषयी आहे.

घरचे शिक्षण आपल्याला परके नाही. ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, त्यांनीच आपल्या पत्नी रमाबाई यांना घरी अक्षरओळख करून दिली. पंडिता रमाबाईंना संस्कृत शिकवले ते त्यांच्या आईवडिलांनी. परंतु त्याच काळी हजारो घरांतून मुली निरक्षरच राहिल्या, हेही विसरता येत नाही. घर हे उत्तम विद्यालय होऊ शकते. आणि पाहणारे कोणी नसेल, तर तेच घर कोंडवाडाही होऊ शकते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. आमचा व्यवसाय शिक्षकाचा. वकिलीची सनद आमच्यापाशी नाही. पण कायद्याची भाषा समजण्याजोगी आहे. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. त्याच दुरुस्तीने पालकांवर एक कर्तव्य घातले : मुलाला शिक्षणाची संधी द्यावी. येथे शब्द 'शिक्षण' असा आहे, 'शाळा' असा नाही. पुढे २००९ चा शिक्षणहक्क कायदा आला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्याच्या दहाव्या कलमात मात्र पालकाने मुलाला जवळच्या शाळेत दाखल करावे, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे घटना शिक्षण मागते आणि कायदा शाळा मागतो.

मग शाळेत न घालणाऱ्या पालकाला शिक्षा काय? या कायद्यात त्याला दंड सांगितलेला नाही. 'सक्तीचे' हा शब्द त्यात आहे खरा, पण ती सक्ती मुख्यतः सरकारवर आहे : शाळा काढणे, मुलांना दाखल करून घेणे, त्यांची हजेरी राखणे. घरच्या शिक्षणाविषयी कायदा बोलतच नाही. तो परवाना देत नाही आणि ते गुन्हाही ठरवीत नाही. एक सावधगिरी मात्र हवी. चार घरची मुले एका ओसरीवर जमवून तिला शाळेचे रूप दिले, तर प्रकरण बदलते. मान्यतेवाचून शाळा चालविणाऱ्याला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

कायद्याच्या या मौनात परीक्षेच्या वाटा कोणत्या? आपल्याकडे 'सतरा नंबरचा फॉर्म' सर्वांना ठाऊक आहे. तो भरून दहावी-बारावीला खाजगी रीतीने बसता येते. आपला जिल्हा त्यासाठी अमरावती विभागीय मंडळाकडे येतो. पण तेथे शाळा सोडल्याचा दाखला, आपण ज्याला टी. सी. म्हणतो, तो मागतात. म्हणून मुलाला शाळेतून काढणाऱ्याने तो जपून ठेवावा. दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची. तेथे चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर दहावीच्या अभ्यासक्रमाला नाव घालता येते, मराठी माध्यम मिळते, आणि पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेची संधी असते. जन्माचा दाखला मात्र हाताशी हवा.

कित्येक जण आम्हांला सुचवितात, "नाव शाळेच्या पटावर राहू द्या, मूल घरी राहू द्या." हा सल्ला आम्ही देणार नाही. खोट्या हजेरीने मुलाच्या शिक्षणाचा आरंभ करू नये. त्यापेक्षा जवळच्या मुख्याध्यापकांना उघडपणे भेटावे. रोज काय शिकवले ते तारखेनिशी लिहून ठेवावे. शाळाबाह्य मुलांच्या नोंदीसाठी शिक्षक दारी आले, तर त्यांना मुलाशी बोलू द्यावे. जे घर खरोखर शिकवते, त्याला पाहुण्याचे भय कशाला?

त्या जोडप्याला आम्ही हेच सांगितले, आणि ते हे नेमाने करीत आहेत. शेतकरीदादांना मात्र आम्ही कायद्याचे चौथे कलम वाचून दाखवले. शाळा सुटलेल्या मुलाला वयाला साजेशा वर्गात बसविलेच पाहिजे, आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठी खास शिकवणीही मिळाली पाहिजे, असे ते कलम सांगते. वर्षाच्या मध्येही प्रवेश नाकारता येत नाही. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "गुरुजी, पण धाकट्याला सांभाळील कोण?" खरी अडचण ही होती! धाकटा तीन वर्षांचा. तो अंगणवाडीत जाऊ लागला आणि ताई सहावीत.

श्रोतेहो, कायदा जेथे मौन पाळतो, तेथे आपली जबाबदारी संपत नाही, उलट वाढते. जो पालक घरी शिकवितो, त्याच्यासाठी ते मौन मोकळीक आहे. जो मुलीला घरी ठेवतो, त्याला ते आडोसा होऊ देऊ नये. आपल्या गल्लीत, आपल्या तांड्यावर असे मूल दिसले, तर कलमे पाठ नसली तरी चालेल. फक्त वही मागा आणि शेवटची तारीख पाहा.