नवी डिस्क बसविल्यावर संगणक सुरू होत नसेल तर
(केंद्र शिक्षण परिषदेतील व्याख्यान)



अहिल्यानगर जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा. पश्चिमेस अकोल्याचे डोंगर, आग्नेयेस जामखेड, असा हा चौदा तालुक्यांचा विस्तार आहे. अशा जिल्ह्यात शाळेतील संगणक बंद पडला म्हणजे मुख्याध्यापकांस त्याचे कॅबिनेट मोटारसायकलला बांधून तालुक्याच्या गावी न्यावे लागते, आणि पुष्कळदा तेथे गेल्यावर कळते की बिघाड म्हणून जे नेले तो बिघाड नव्हताच. नव्या डिस्कच्या बाबतीत हे विशेषच खरे आहे.

समजा, पारनेरच्या पठारावरील एका द्विशिक्षकी शाळेने आपला रडतखडत चालणारा संगणक वेगवान व्हावा म्हणून एसएसडी विकत आणली. हा खर्च योग्यच होय. जुन्या हार्डडिस्कमध्ये मिनिटास ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकड्या असतात. एसएसडीत फिरणारा भागच नाही, म्हणून ती माहिती लवकर काढून देते. (१९५६ साली आयबीएमने केलेल्या पहिल्या डिस्कयंत्रात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि त्यांत सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. आज एवढा मजकूर नखाएवढ्या मेमरी कार्डाच्या एका कोपऱ्यात राहतो.) शिक्षकांनी डिस्क बसविली, बटण दाबले, आणि काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळ उमटली की सुरू होण्याजोगे साधन सापडत नाही.

येथेच बहुतेकांचा धीर सुटतो. वास्तविक यंत्राने खरे तेच सांगितले आहे. नवी डिस्क ही कोरी वही होय. तिच्यावर विंडोज किंवा लिनक्स यांपैकी कोणतीही कार्यप्रणाली कोणी घातलेली नाही, तेव्हा ती काय सुरू करणार? कार्यप्रणाली पेनड्राइव्हवरून घालावी लागते, आणि त्यासाठी बायोसमध्ये जाऊन पेनड्राइव्हला पहिला क्रम द्यावा लागतो. बायोस उघडण्याची कळ बहुधा ‘डिलीट’ किंवा ‘एफ २’ असते.

परंतु पडद्यावर ओळसुद्धा उमटली नाही तर प्रकार निराळा. अशा वेळी एकच नियम पाळावा: शेवटी ज्याला हात लागला, तेथे प्रथम पाहावे. डिस्क बसविताना मनगटाचा धक्का लागून शेजारची रॅमची पट्टी सैल होते; मग पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो, कधी पीं-पीं असा आवाज येतो. पट्टी काढून तिच्या पिवळ्या कडेवर खोडरबर हलकेच फिरवावे, भुकटी झटकावी आणि दोन्ही टोकांच्या खिट्या बसेतोवर पट्टी दाबावी. पंखाही फिरत नसेल तर वीजपुरवठ्याची केबल किंवा कॅबिनेटच्या मागील बटण पाहावे. हे सारे करण्यापूर्वी भिंतीतील प्लग काढणे अवश्य आहे. नगरच्या पठारी भागात हिवाळ्यातील हवा कोरडी असते व अंगावर स्थिरविद्युत साचते, म्हणून आधी कॅबिनेटच्या उघड्या धातूस हात लावून घ्यावा. वीजपुरवठ्याची पेटी, म्हणजे एसएमपीएस, मात्र कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्यात धोकादायक विद्युत्भार राहू शकतो.

बायोसमध्ये नव्या डिस्कचे नाव दिसत नसेल तर तिच्या दोन केबली पाहाव्यात. रुंद केबल विजेची, अरुंद माहितीची. अरुंद केबल अर्धवट बसणे हा नेहमीचा दोष आहे. ती बदलून पाहावी, मदरबोर्डवरील दुसऱ्या खाचेत लावून पाहावी. पण एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर कशाने सुधारले हे कळत नाही. घड्याळ जुनेच साल दाखवीत असेल तर मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेल संपला असे समजावे. या स्वस्त सेलामुळे बायोसमधील नोंदी पुसल्या जातात, आणि तारीख चुकल्याने संकेतस्थळेही उघडत नाहीत. पुष्कळ संगणकांत त्याचा क्रमांक सीआर २०३२ असतो.

आता खरी जोखीम. जुनी डिस्कही जोडलेली ठेवून नव्या डिस्कवर कार्यप्रणाली घालू लागल्यास पडद्यावर डिस्क ०, डिस्क १ अशी यादी येते आणि कोणती पुसावी असे विचारले जाते. शून्य म्हणजे जुनी, एक म्हणजे नवी, असा काही नियम नाही. घाईने एक बटण दाबले की वर्षानुवर्षांचे काम जाते. सरल किंवा यूडायस प्लसमध्ये भरलेली माहिती सर्व्हरवर असते, ती जात नाही. जनरल रजिस्टर कागदावर आहे. जाते ते दुसरीकडे कोठेच नसलेले: शिक्षकांनी रात्री बसून तयार केलेल्या प्रश्नपत्रिका, मुलांच्या हस्तलिखिताची पाने, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे, गावातील वृद्धांच्या तोंडून घेतलेल्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण. त्यांची भरपाई कोणत्याही अनुदानातून होत नाही.

यावर उपाय साधा आहे. कार्यप्रणाली घालीत असताना जुन्या डिस्कची केबल काढूनच ठेवावी. जी जोडलेली नाही ती पुसली जाणार नाही. ते शक्य नसेल तर आकारावरून ओळखावे. मात्र खोक्यावर ५०० जीबी लिहिलेली डिस्क विंडोजमध्ये सुमारे ४६५ दिसते, २४० ची सुमारे २२३. येथे दुकानदाराने फसविलेले नसते. कारखानदार हजाराच्या पटीने मोजतो, विंडोज १,०२४ च्या. ५०० अब्जाला १,०२४ ने तीनदा भागले की उत्तर निघते, आणि सातवीच्या वर्गाला हे उदाहरण घालण्यास हरकत नाही.

उलट, नवी डिस्क केवळ जादा साठ्यासाठी लावली असून विंडोज सुरू होते पण ती दिसत नाही, असेही घडते. ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडावे; तेथे ती काळ्या पट्टीने दाखविलेली असते. तिच्यावर भाग पाडून तिला अक्षर दिले की झाले. मात्र जुनी डिस्क दुसऱ्या संगणकाला लावल्यावर ‘फॉरमॅट करा’ अशी सूचना आली, तर ती कदापि मान्य करू नये. सूचना रद्द करून संगणक बंद करावा आणि जाणकारास दाखवावे.

कोणती कार्यप्रणाली घालावी, हे शाळेने यंत्र पाहून ठरवावे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि पुष्कळ जुनी यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. अशा यंत्रावर लिनक्स चालू शकते. सी-डॅकने तयार केलेली बॉस ही त्यांपैकीच एक असून ती विनामूल्य आहे. पूर्वीच्या फाइली श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये असतील तर तो फाँट नव्या डिस्कवर घातल्याशिवाय मराठी मजकूर वेड्यावाकड्या चिन्हांत दिसेल. तो बिघड समजून फाइली काढून टाकू नयेत.

काम झाल्यावर जुन्या डिस्कवर शाळेचे नाव व तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवून ती कोरड्या कापडात गुंडाळावी. निदान एक शैक्षणिक वर्ष ती जनरल रजिस्टरच्या कपाटात ठेवावी आणि जडवस्तू संग्रह नोंदवहीत तशी नोंद करावी.