मिळवती पत्नी आणि घराचा पत्ता



पतीच्या पगारावर घर ‘चालते’ आणि पत्नीच्या पगाराचा ‘हातभार’ लागतो, असे आपण सहज बोलून जातो. पत्नीचा पगार अधिक असला तरी हे शब्द बदलत नाहीत. घर हे तिचे कर्तव्य आणि नोकरी ही तिला दिलेली सवलत, असा निवाडाच जणू त्यांत दडलेला असतो.

एकाने मिळवावे व दुसरीने घर पाहावे, ही जुनी वाटणी न्यायाची नसेल. पण निदान ती वाटणी होती. दोघे मिळवू लागले की ती एकाच बाजूने मोडते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या पाहणीत विनामोबदला घरकामात स्त्रियांची रोजची सरासरी २८९ मिनिटे, तर पुरुषांची ८८ मिनिटे आढळली. यात नोकरी न करणाऱ्या गृहिणीही आल्या, हे खरे. परंतु ही सरासरी घरकाम करणाऱ्यांपुरतीच आहे. त्याला हातच न लावणारे पुरुष तिच्यात धरलेले नाहीत!

खरी कसोटी लागते ती नोकरी दोन गावी असली म्हणजे. पती-पत्नी दोघेही शिक्षक असलेल्या एका प्रकरणात पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने असा निर्णय दिला की, पतीच्या घरी राहणे हे पत्नीचे कर्तव्य असून नोकरी हे त्यास उत्तर होऊ शकत नाही. त्यानंतर १९७८ साली दिल्ली उच्च न्यायालयात न्यायमूर्ती देशपांडे यांच्यापुढे तसाच प्रश्न आला. पत्नी पंजाबात सुनाम येथे शिक्षिका. पती दिल्लीत, आणि त्याची मिळकत तिच्याहून कमी. घर कोठे असावे हे ठरविण्याचा अधिकार एकट्या पतीचा नाही, असे सांगून न्यायमूर्तींनी पतीची मागणी फेटाळली. मला हाच न्याय शहाणपणाचा वाटतो. अधिक मिळकतीची नोकरी सोडून तिने दिल्लीस का जावे, याला ‘ती पत्नी आहे’ यापलीकडे उत्तर नव्हते.

लग्नाच्या बैठकीत मुलीची नोकरी कायमची की हंगामी, याची चौकशी आपण बारकाईने करतो. तिची बदली झाल्यास बिऱ्हाड कोणी हलवायचे, हेही त्याच बैठकीत विचारून घेतलेले बरे.